कॉलरच्या आतली खूण

"आत नको काकू, बाहेर घाला. लांबून दिसली पाहिजे," महानंदा म्हणाली आणि चादरीचा कोपरा तिने माझ्यापुढे सरकवला.

मी बिब्ब्यात सुई टोचून बसले होते. बिब्ब्याचं तेल सुईच्या टोकाला घ्यायचं, कापडावर खूण काढायची आणि वर चुन्याचं बोट लावायचं. खूण काळीशार होते, मग कापड फाटलं तरी ती जात नाही. गावातल्या प्रत्येक घराची आमच्या लाँड्रीत वेगळी खूण होती. कुणाचं नुसतं टिंब, कुणाची फुली. बिराजदारांच्या दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यावर एक टिंब. ही खूण कॉलरच्या आत, नाहीतर सलवारीच्या नेफ्यात, कुणाला दिसणार नाही अशी घालायची असते. बाहेरून खूण मागणारं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, पोरी, हॉस्टेलच्या मुली हसतील. नव्याकोऱ्या चादरीवर डाग घेऊन कोण फिरतं?

"हसू देत की. मी गच्चीत वाळत घालणार, रस्त्याच्या बाजूला. ओढण्या पण. दादाला आमची खूण पाठ आहे. तोच यायचा ना कपडे घेऊन तुमच्याकडे? कधी तिथून चालला असेल आणि नजर वर गेली, तर थांबेल तो."

माझ्या हातातला बिब्बा कलंडला आणि तेल अंगठ्यावर आलं. बिब्बा उतला की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून तो कधी सांडला नव्हता. महानंदाच धावत आत गेली आणि खोबरेल घेऊन आली. माझा अंगठा धरून ती फुंकर घालत बसली, आणि मला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता.

मंगळवेढ्यात एसटी स्टँडच्या मागच्या बोळात आमचं दुकान. महानंदाची आई, बिराजदारबाई, मुलींच्या शाळेत शिक्षिका. नवरा लवकर गेला. थोरला मल्लिनाथ आणि त्याच्या पाठीवर आठ वर्षांनी झालेली ही महानंदा, एवढंच घर. मल्लिनाथ कोल्हापूरला कॉलेजात होता. दुसऱ्या वर्षी परीक्षेत आपटला, हॉस्टेलवरून निघाला आणि कुठे गेला ते कुणाला कळलं नाही. घरच्यांना वाटलं तो हॉस्टेलवर आहे, हॉस्टेलला वाटलं तो घरी गेला. महिन्याने दोन्हीकडून चौकशी झाली तेव्हा तो दोन्हीकडे नव्हता. तेव्हा महानंदा बारा वर्षांची होती. आता ती अठराची झाली होती, बारावीला तालुक्यात पहिली आली होती आणि तिने हट्टाने कोल्हापूरच घेतलं होतं.

पंधरा दिवसांपासून तिची तयारी माझ्या दुकानात चालली होती. बाई शाळेत, मग कपडे धुवायचं-इस्त्रीचं कोण शिकवणार, म्हणून माझ्याकडे पाठवलेली. पोरगी हुशार, एकदा सांगितलं की पुरे. रक्ताचा डाग गरम पाण्यात घालायचा नाही. शाई सांडली तर आधी दूध. रंगीत कपडा उलटा करून वाळवायचा. बादलीला दोरी बांधून ठेव, हॉस्टेलमध्ये बादल्यांना पाय फुटतात. हे सगळं ती वहीत लिहून घ्यायची, आणि मी तिला चिडवायची की यावर तुला डिग्री देतील बघ. खरं सांगते, ते दिवस मला फार गोड वाटले. मला मुलगी नाही.

पण त्याच वहीच्या मागच्या पानांवर तिने दुसरं काहीतरी लिहिलं होतं, ते मी त्या दुपारी पाहिलं. कोल्हापूरच्या पेठांची नावं. एकेका रविवारी एकेक पेठ. मग खानावळी, मग साखर कारखाने, मग मंदिरांच्या धर्मशाळा. दोन वर्षांचे रविवार तिने मांडून ठेवले होते.

"आणि अभ्यास?" मी विचारलं.

"होईल तेवढा होईल. मी काय अभ्यासासाठी चाललेय का काकू? कुणीतरी दादाला तिथं बघितलं म्हणून आईला कळलंय. मागच्या वर्षीच. पायात चप्पल नव्हती म्हणे." तिने ओढणी घडी करून बाजूला ठेवली. "आई तोंडाने म्हणत नाही, पण तिला वाटतंय मी जावं. नाहीतर मी तिला एकटीला टाकून गेले असते का? इथंच डी.एड. केलं असतं."

मला त्या वेळी जे वाटलं ते सरळच सांगते. मला वाटलं, ही पोरगी वाया जाणार, आणि मी उगी बसले तर माझ्यामुळे जाणार.

कारण मल्लिनाथ कोल्हापुरात नव्हता. तो कुठेच नव्हता. हे मला सहा वर्षं माहीत होतं.

तो नाहीसा झाल्याचं गावाला कळायच्या आधीची गोष्ट. एक हवालदार मोटारसायकलवरून दुकानापुढे उतरला. परगावचा होता. त्याने खिशातून कागदाचं पाकीट काढलं आणि पाकिटातून शर्टाची कापलेली कॉलर. शर्टाच्या खिशात मंगळवेढ्याहून सुटलेल्या एसटीचं तिकीट मिळालं होतं म्हणून तो गावातल्या लाँड्र्या पालथ्या घालत होता. "ही खूण कुणाच्या घरची?" एवढंच त्याने विचारलं. दोन उभ्या रेघा, वर टिंब. माझ्या हातची.

आमच्या सासऱ्यांचा एक दंडक होता. खूण गिऱ्हाइकाची, ती बाहेर बोलायची नाही. परीट लोकांना गावाची सगळी लाज धुवायला मिळते. कुणाच्या चादरीवर काय होतं, कुणाच्या शर्टाला कुणाचं कुंकू लागलं होतं, हे तोंडातून निघालं तर धंदा बुडाला. लग्न होऊन आले त्या आठवड्यात त्यांनी मला हे शिकवलं होतं. त्यातून त्या वर्षी कॉलेजांच्या निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या होत्या. मला वाटलं मल्लिनाथने कुणाचं तरी डोकं फोडलं आणि पोलीस त्याच्या मागावर आहेत. पोराला वाचवावं म्हणून मी म्हटलं, "आमची न्हवं ही."

हवालदाराने पाकीट खिशात घातलं. "बरं. मग बेवारस म्हणूनच लावून टाकतो," असं म्हणून तो गाडीकडे वळला.

तेव्हा मला कळलं.

त्याची गाडी लवकर सुरू झाली नाही. सहा-सात किका त्याने मारल्या. मी हातात इस्त्री घेऊन उभी होते आणि खाली एका वकिलाचं धोतर करपत होतं. हाक मारायची म्हणजे आधी खोटं बोलले हे पोलिसाला सांगायचं आणि मग बिराजदारबाईंच्या दारात जाऊन उभं राहायचं. मला दोन्हीची भीती वाटली. गाडी सुरू झाली आणि तो गेला. उद्या सांगू म्हटलं. उद्याही नाही सांगितलं. महिन्याने गावात बोभाटा झाला तेव्हा सांगायला तोंडच उरलं नव्हतं. बिराजदारबाई दर सोमवारी कपडे घेऊन येत राहिल्या आणि मी दर सोमवारी ते मोजून घेत राहिले.

तर त्या दुपारी मी महानंदाला सगळं सांगितलं. दुकानाची फळी ओढून घेतली आणि तिला समोर बसवून सांगितलं. हवालदार, कॉलर, रेघा, टिंब, बेवारस. काही वगळलं नाही.

ती रडली नाही. तिने एकच विचारलं, "दिवस कोणता होता?"

"पोळ्याच्या आधीचा मंगळवार."

ती उठली. चादरी, ओढण्या, पंजाबी ड्रेस, सगळं तिने गोळा करून छातीशी धरलं आणि बोळातून घराकडे निघाली. मी म्हणत होते, अगं घडी विस्कटेल, पिशवी तरी घे. माणसाच्या तोंडून कसल्या वेळेला काय निघेल याचा नेम नाही.

मला वाटलं होतं, आठ दिवस रडेल, मग शहाण्यासारखी जाईल आणि नीट शिकेल. मला खरंच असं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या वेळेला, बिराजदारबाई दुकानात आल्या. शाळेची साडी नेसलेल्या, पण शाळेकडे निघाल्यासारख्या दिसत नव्हत्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत त्या बाकावर गप्प बसून राहिल्या.

"काय सांगितलंस तू नंदाला?"

मी पायावर पडायला वाकले. त्यांनी हाताने थांबवलं.

"नाटकं नकोत, द्वारका. तीन दिवस झाले, तिने बांधलेली बॅग सोडली. कपाटात सगळं परत लावलं. मी जाणार नाही म्हणते. का, ते सांगत नाही. नुसती माझ्याकडे बघते आणि माझ्या मागे मागे फिरते, मी लहान मूल असल्यासारखी. मी तिला जेवायला वाढायची, तर ती मला वाढतेय. मग मी ओळखलं. तू सांगितलंस."

"बाई, मल्लिनाथ..."

"मला माहितेय," त्या म्हणाल्या. "तुझ्याइतकीच वर्षं माहितेय."

मग त्यांनी सांगितलं. चौकशी सुरू झाल्यावर त्या भावाला घेऊन कोल्हापूरला गेल्या होत्या. पोलिसांनी त्यांना नदीत सापडलेल्या एका बेवारस माणसाचे कपडे दाखवले. कॉलर कापलेला शर्ट, आणि पाकिटात कॉलर. भाऊ बाहेर चहा प्यायला गेला होता. त्यांनी ती कॉलर हातात घेतली, उलटी केली, आणि हा माझ्या मुलाचा शर्ट नाही असं सांगून सही केली. पोलीस म्हणाला, तुमच्या गावच्या लाँड्रीवाल्यांनीही नाहीच म्हटलंय.

"तेव्हा मला तुझा आधार वाटला होता," बाई म्हणाल्या. "वाटलं, मी एकटी नाही."

सहा वर्षं दर सोमवारी ही बाई माझ्यासमोर उभी राहून कपडे देत होती, आणि आम्ही दोघी एकाच गोष्टीवर गप्प होतो.

मी विचारलं, "बाई, का नाही म्हणालात?"

"जाळून टाकलं होतं गं त्याला. आमच्यात जाळत नाहीत. मातीत बसवतो आम्ही, मांडी घालून, हातात लिंग देऊन. मी हो म्हटलं असतं तर माझ्या मुलाला जाळलं असं झालं असतं. नाही म्हटलं, तर कुणाच्या तरी मुलाला जाळलं." त्यांनी पदराने नाक पुसलं. आवाज मात्र वर्गातल्यासारखाच स्वच्छ होता. "तू का नाही म्हणालीस ते मी विचारत नाही. मला ते ऐकायचं नाही."

मी इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

"आता माझं ऐक. नंदा मला सोडून जायला तयार नव्हती. सोलापूरलासुद्धा नाही. आई एकटी, दादामुळे तिची ही दशा, म्हणून मी इथंच राहते, म्हणायची. अशी तिच्या वयाची पोर या गावात माझ्या उशाशी बसून म्हातारी झाली असती. मी खूप समजावलं, रागावले, दोन दिवस बोलले नाही. मग मागच्या वर्षी एकदा म्हटलं, कुणीतरी मल्लूला कोल्हापुरात बघितलं म्हणतात. पायात चप्पल नव्हती. त्या दिवसापासून ती अभ्यासाला लागली."

"म्हणजे कुणी बघितलं न्हवतं?"

"कोण बघणार?"

बाहेर स्टँडवर गाड्यांच्या वेळा पुकारत होते. बाई उठून उभ्या राहिल्या.

"उद्या सकाळच्या गाडीचं रिझर्वेशन आहे. परवापर्यंत हजर झाली नाही तर जागा जाईल. आज दुपारी घरी ये आणि तिला सांग, तुझी चूक झाली. ती खूण आमची नव्हती."

मी म्हटलं, बाई, आता पुन्हा खोटं बोलायला लावू नका. माझ्याच्यानं होणार नाही.

"एकदा बोललीस ते स्वतःसाठी," त्या म्हणाल्या. "आता माझ्यासाठी बोल."

मी गेले. खुणांची वही पिशवीत घातली आणि दुपारी दोनला बिराजदारांच्या घरी गेले. महानंदा स्वयंपाकघरात गहू निवडत बसली होती. तीन दिवसांत तोंड एवढंसं झालेलं. मी तिच्यासमोर पाटावर बसले आणि वही उघडली. बोट ठेवून तिला दाखवलं. ह्या तुमच्या. दोन रेघा, वर टिंब. आणि त्या कॉलरवर होत्या तीन. मी रात्रंदिवस आठवून बघितलं. तीनच होत्या.

तिने वही माझ्या हातातून घेतली. एकेक पान उलटून ती बघत होती. शेवटच्या पानापर्यंत गेली.

"तीन रेघा इथं कुणाच्याच नाहीत."

"न्हाईतच. परगावचा होता कुणीतरी तो. म्हणूनच तर मी आमची न्हवं म्हटलं हवालदाराला."

"मग परवा का असं सांगितलंत?"

या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत जुळवून आणलं होतं, पण ते तिथे आठवलं नाही. जे तोंडाला आलं ते बोलले. "भीती गं. तुझा दादा गेल्याचं कळल्यावर ती कॉलर डोक्यात बसली माझ्या. सहा वर्षं रोज बघत होते ती. बघता बघता एक रेघ पुसली गेली असंल."

"नक्की तीन?"

"नक्की."

बाई दारात उभ्या होत्या. महानंदाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मांडीवरचं सूप खाली ठेवून माझ्या गळ्यात पडली. तीन दिवसांचं सगळं रडणं तिने माझ्या खांद्यावर रडून घेतलं. रडता रडता ती हसत होती. काकू, तुम्ही मला दादा परत दिलात, असं म्हणत होती. माझ्या पाठीवर तिचे गव्हाचे धुळकट हात होते आणि मी डोळे मिटून घेतले. बाईंनी कपाट उघडलं आणि बॅग भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. खिडकीतून तिने हात केला, आम्ही दोघींनी केला. गाडी वळल्यावर बाई म्हणाल्या, चला, सुटली. आणि शाळेत गेल्या. त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यापाशी पुन्हा काढला नाही.

महानंदा शिकली. आईला हवं होतं तशीच शिकली. बी.एस्सी., एम.एस्सी., मग पीएच.डी., मग तिथल्याच कॉलेजात प्राध्यापक. तिला बंगळूरला मोठ्या संस्थेत बोलावणं आलं होतं, ती गेली नाही. एक चांगला मुलगा सांगून आला होता, तो नागपूरला नोकरीला होता, तिने नाही म्हटलं. गावात लोक म्हणाले, शिकून शेफारली. बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. मला कारण माहीत होतं. ती दिवाळीला यायची तेव्हा दुकानात चक्कर मारायची आणि सांगायची, यंदा पंढरपूरकडच्या रस्त्याची गावं केली, यंदा इचलकरंजीचे माग बघितले. तिचे रविवार संपले नव्हते. मी म्हणायची, बरं केलंस.

गेल्या वर्षी बिराजदारबाई वारल्या. त्यांना त्यांच्या रीतीने मातीत बसवलं. सगळं उरकल्यावर जायच्या आदल्या संध्याकाळी महानंदा माझ्याकडे आली. तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. दुकान आता मुलगा बघतो, मी मागच्या खोलीत असते. ती माझ्या खाटेवर बसली.

मी ठरवलं होतं. बाई गेल्या, आता त्यांच्यासाठी गप्प राहायचं कारण नाही. हिच्या हातात अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत, तेवढी तरी मोकळी होतील. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "नंदा, ऐक जरा. तुला एक सांगायचंय."

"थांबा काकू, आधी हे बघा," ती म्हणाली आणि पर्समधून मोबाईल काढला. "आईला दाखवायचं राहूनच गेलं. माझ्या एका विद्यार्थ्याने करून दिलं. दादाच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरून. आता तो कसा दिसत असेल, ते कॉम्प्युटर काढून देतो."

तिने मोबाईल माझ्या डोळ्यांपुढे धरला. एक्कावन्न वर्षांचा माणूस होता तो. कानशिलावर पांढरे केस, गाल भरलेले, कपाळ आईसारखं रुंद. डोळ्यांखाली थोडी सूज, नीट झोप न होणाऱ्या माणसाची असते तशी. थकलेला, पण बरा दिसत होता. त्याच्याकडे बघून वाटावं, याला घरी दोन मुलं असतील, डायबिटीसची गोळी चालू असेल.

महानंदा माझ्या अगदी जवळ सरकली. तिचा चेहरा उजळला होता. तिसरीतली पोर चित्र काढून आणते तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ओळखू येतो ना काकू?"

मी त्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघितलं.

"येतो की," मी म्हटलं. "मल्लूच हाय."